पाच घरची कुंची

कळमनुरीतल्या बायकांना माझ्या हातचा ब्लाऊज चालायचा, माझ्या हातची ओटी चालायची नाही. लग्नाच्या शालूवरचा ब्लाऊजसुद्धा चालायचा. नवरी तो घालून बोहल्यावर चढायची आणि तिची आई हळदीकुंकू घेऊन माझ्यासमोरून पुढे सरकायची, मी तिथे बसलेलीच नाही अशी. मी तीन वर्षांत नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आले होते आणि पदरी लेकरू नव्हतं. लोक म्हणायचे नवऱ्याने टाकली. खरं तर मी त्याला टाकलं होतं, पण ही गोष्ट कळमनुरीच्या डोक्यात शिरण्यासारखी नव्हती, म्हणून सांगण्याच्या भानगडीत मी पडले नाही. भावाच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसले. ज्या बायका मला शुभकार्यात टाळायच्या त्या सगळ्यांच्या कमरेचं माप माझ्याकडे होतं. दर वर्षी ते किती वाढतं हेही मला माहीत होतं.

अख्ख्या तालुक्यात एकच बाई अशी होती की जिच्याबद्दल माझ्या मनात तुच्छता नव्हती. आम्ही शाळेत एका बाकावर बसलेल्या. ती लग्न होऊन आखाडा बाळापूरला गेली, नवऱ्याचं खत-बियाणांचं दुकान होतं. मी परत आले तेव्हा गाव मला मयतीला आल्यासारखं भेटून गेलं. ही पहिल्यांदा गरोदर होती तरी बसने आली, दोन दिवस राहिली आणि माझ्या ताटात माझ्यासोबत जेवली. पुढे ते लेकरू जन्मतानाच गेलं. तिच्या सासूने बोट माझ्याकडे केलं. हे मला मैत्रिणीनेच सांगितलं, आणि आम्ही दोघी त्यावर हसलो. लेकराच्या दुःखात हसलो, कारण सासूचं बोलणंच तसं होतं. दुसरं लेकरू पाचवी पुजल्यावर काही दिवसांतच गेलं. त्या खेपेला ती माझ्याकडे फिरकलीही नव्हती, तरी सासूने माझं नाव घेतलंच. शहाणपणाला सीमा असते, बाळापूरच्या त्या घरात दुसऱ्या गोष्टीला नव्हती.

आमचा जिल्हा परभणीतून तुटून नवाच झाला होता, त्या हिवाळ्यात तिला तिसरं झालं. मुलगी. एरवी मुलगी म्हटलं की सासूचं तोंड वाकडं व्हायचं, पण दोन गेल्यावर तिसरीला श्वास आहे एवढ्यावर तिने मुलगी चालवून घेतली. शेजारच्या फोनवर निरोप आला तशी मी जीपमध्ये कोंबून घेऊन बाळापूरला गेले.

मैत्रीण बाजेवर पडून होती. कानाला फडकं, बाजेखाली शेगडी, खोलीत ओव्या-शेपाचा धूर. लेकरू तिच्या कुशीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. सासू बाहेर गाय सोडायला गेलीय हे बघून तिने मला खाली वाकवलं आणि सांगितलं की कुंची शिवायची आहे.

कुंची म्हणजे डोकं झाकून पाठीवर उतरणारी, गळ्याशी बंद बांधायची टोपी. पण ही साधी कुंची नव्हती. आमच्या भागात ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिच्या पुढच्या लेकराला नवं कापड घालत नाहीत. ज्यांची लेकरं हयात आहेत अशा पाच घरी पदर पसरून जुनं कापड मागायचं आणि त्याचं काहीतरी शिवून बारशाला घालायचं. हे लेकरू आपलं नाही, भिकेत आलंय, असं सटवाईला भासवायचं. वर बसून जी कुणी लेकरं उचलते ती बाळापूरच्या सासवांइतकीच बावळट आहे, असं यात धरून चाललेलं असतं.

मागायचं आणि शिवायचं दोन्ही लेकुरवाळीने, असा सासूचा, म्हणजे मैत्रिणीच्या आत्याबाईचा, हुकूम होता. मैत्रिणीची आई वारली होती, म्हणून बाळंतपणाला मावशी आली होती. मावशीला पाच लेकरं, पाचही जिवंत. त्यांतल्या एकाचंही नाक तिने कधी वेळेवर पुसलेलं मी पाहिलं नव्हतं, पण जगली ती जगली. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू मावशी खायची आणि गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगायची. तेवढ्यापुरतं तिचं बाळंतपण चाललं होतं.

"मावशीच्यानं न्हाई व्हायचं," मैत्रीण म्हणाली. "तू शीव. मागून बी तूच आण. नाव मावशीचं सांगू."

"आन् तुला चालंल का माझ्या हातचं?"

"मला तुझ्याच हातचं पायजे. ते समदं आत्याबाईचं येडेपण हाय. मला तसलं काही वाटत न्हाई, तुला ठाऊक हाय ना?"

मला ठाऊक होतं. नाव मावशीचं लागो की आणखी कुणाचं, मला त्याचं काही नव्हतं. साऱ्या मुलखात एका माणसाला तरी माझे हात नुसते हात वाटतात, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी पाच काय, पन्नास दारांत पदर पसरला असता.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी मशीनवर कापड टाकून निघाले. मावशीचे गुडघे धरलेत, तिच्या वतीने मागते, असं सांगायचं ठरवलं होतं.

आधी गेले वकिलीणबाईकडे. तिच्याकडे जुन्या साड्यांची पेटी भरलेली होती, मी स्वतः पाहिली होती. पण त्या साड्या बोहारणीसाठी राखलेल्या. बोहारीण जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं देते, आणि वकिलीणबाईची नजर एका मोठ्या डब्यावर होती. एक साडी कमी झाली तर बोहारीण डब्याऐवजी वाटी पुढे करेल, ही भीती. इकडे दोन लेकरं गेलेली बाई आणि तिकडे डबा. बराच वेळ उभं ठेवून तिने उशीचा अभ्रा आणला आणि माझ्यासमोर टर्रकन फाडून अर्धा दिला. त्यावर भरलेलं गुलाबाचं फूल होतं, तेही अर्धंच आलं.

"लेकराच्याच अंगावर जायचं ना हे?" तिने विचारलं. "तू वापरणार न्हाईस ना?"

अर्ध्या अभ्र्याचं मी काय करणार होते, देव जाणे.

मग गुरुजींच्या घरी. पदर पसरायच्या आधीच चुकून कारण सांगितलं आणि फसले. गुरुजी अंधश्रद्धेवर बोलायला लागले. विज्ञान कुठे गेलंय आणि आपण कुठे आहोत, हे त्यांनी मला दारात उभं करून समजावलं. माणूस बरोबर बोलत होता, त्याचाच जास्त संताप येत होता, कारण याच गुरुजींनी मुलीच्या लग्नात मला करवलीच्या पंगतीतून उठवून मागच्या पडवीत बसवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ते थकून आत गेल्यावर त्यांच्या बायकोने मागच्या दाराने हाक मारली आणि त्यांच्याच एका सदऱ्याची पाठ माझ्या हातात कोंबली. गुरुजींची पाठ मी कुंचीच्या कपाळावर बसवली.

बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या एका ओळखीच्या बाईला गाठलं. तिची पोरं मोठी झाली होती, एक तर आमच्याच मोंढ्यात हमाल होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"लेकरू जगायला तुमी भीक मागता व्हय?" ती म्हणाली. "दवाखाना न्हाई का बाळापुरात?"

तिने आपल्या जुन्या काचोळीची, म्हणजे लमाणी चोळीची, बाही दिली, आरशांची. देताना हसत होती. तिच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

घरची वहिनी राहिली होती. तिला दोन पोरगे. तिने फरशी पुसायचं फडकं दिलं. धुऊन दिलं, हे तिचं मोठेपण. ते मूळचं भावाच्या धोतराचं होतं आणि वर्षानुवर्षं पाण्यात बुडून सायीसारखं मऊ झालं होतं. वहिनीला ते कळलं असतं तर दिलं नसतं. पाचवा तुकडा मेंढरं राखणाऱ्या एका म्हातारीने दिला, काळ्या घोंगडीचा. काळं असलं म्हणजे नजर लागत नाही, असं तिचं म्हणणं. तिने फुकटचा उपदेश केला नाही आणि मी कुणाची कोण हेही विचारलं नाही. पण तिची नजर अधू होती, तेव्हा यात तिचा चांगुलपणा किती आणि डोळ्यांचा दोष किती, ते मला सांगता येणार नाही.

अशी पाच घरांची चिंधी गोळा झाली. काय ती चिंधी आणि काय ती घरं. हात लावावासा वाटू नये असा तो ढीग होता. मी तो उकळून काढला, वाळवला आणि दुपारी दारातल्या उजेडात बसून शिवायला घेतला. मशीनवर नाही, हाताने. मशीनची शिवण कडक होते आणि लेकराच्या कातडीला ती कळते.

वहिनीचं फडकं आतून लावलं, सगळीकडे, म्हणजे लेकराच्या अंगाला दुसरं काहीच लागणार नव्हतं. शिवणी सगळ्या बाहेरच्या बाजूला ठेवल्या. वकिलीणबाईचं अर्धं फूल उजव्या कानावर आलं, ते पूर्ण दिसावं म्हणून दुमडीत घेतलं. तांड्यावरच्या बाहीचे आरसे टोचले असते, म्हणून ते उसवले आणि नुसती निळी-तांबडी वीण ठेवली. घोंगडीची बारीक पट्टी पाठीकडच्या कडेला, अंगापासून लांब. बंदांना गुरुजींच्या सदऱ्याचीच पट्टी काढली. धावदोरा इतका बारीक घातला की वहिनी दोनदा येऊन वाकून बघून गेली. माझ्याकडून इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं. ब्लाऊज शिवताना माझ्या मनात त्या बाईबद्दल जे असायचं ते असायचं. कुंची शिवताना माझ्या मनात फक्त ते लेकरू होतं. मी ते एकदाच पाहिलं होतं, तेही झोपलेलं. तरी त्याने जगावं असं मला इतकं वाटत होतं की मला माझीच लाज वाटायची. मी, जिचा कशावर विश्वास नाही, टाका घालताना ओठात जग, जग म्हणायचे.

बारशाच्या दोन दिवस आधी मावशी कळमनुरीला आली आणि कुंची न्यायला माझ्याकडे टेकली. उलटीपालटी करून बघितली.

"बरी झाली," ती म्हणाली आणि भाजीच्या पिशवीत कोंबली.

बारशाला मी गेले. मैत्रिणीने बोलावलं होतं म्हणून गेले, नाहीतर असल्या गर्दीचा मला तिटकारा आहे. माझ्यासारखीला दाराजवळ बसवतात, तिथे बसले. पाहुण्यांनी आणलेले बाबासूट प्लास्टिकच्या पिशवीसकट पाळण्याजवळ मांडून ठेवले होते. पिशव्या काढलेल्या नव्हत्या, म्हणजे वरच्या चित्रातलं गोरं लेकरू सगळ्यांना दिसावं. आमच्या मुलखात तसं लेकरू कुणी पाहिलं असेल तर शपथ. मधोमध पाळण्यात मैत्रिणीची सावळी लेक, डोक्यावर माझी कुंची. मला ती दुरूनही छान दिसली. खरं सांगते, त्या क्षणी मला सगळ्यांबद्दल थोडं बरं वाटलं.

बायका कुंचीला हात लावून बघत होत्या. सासू अभिमानाने सांगत होती की पाच घरचं मागून मावशीने शिवलीय, लेकुरवाळीच्या हाताला गुण असतो.

"डोळे गेले माझे शिवून शिवून," मावशी म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. या बाईला नाटकात संधी मिळाली असती तर तिने ते गाजवलं असतं.

नाव ठेवून झालं आणि लेकरू रडायला लागलं. साधं रडणं नाही, टाहो फोडून, लालबुंद होऊन. मग जमलेल्या अक्कलवानांना ऊत आला. एकीने सांगितलं पोटात दुखतंय, ओव्याचं पाणी द्या. दुसरी म्हणाली नाव पसंत नाही पडलं, बदला. सासूने मीठ-मिरच्या आणून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठून निम्म्या बायका खोकायला लागल्या, तरी लेकरू रडतंच होतं. मग दोघी-तिघींनी वळून दाराकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे. दोन लेकरं गेलेल्या घरात तिसरं असं रडायला लागलं की बायकांना कुणीतरी लागतंच.

लेकरू दर वेळी मान वळवली की किंचाळत होतं. हे मला दारातून दिसत होतं आणि पाळण्याला चिकटलेल्या बायकांना दिसत नव्हतं. मी उठले, पाळण्यातून लेकरू उचललं, भूक लागलीय, आईकडे देते म्हणाले आणि कुणी अडवायच्या आत आतल्या खोलीत गेले. मैत्रीण बाजेवर घाबरून बसली होती. मी दार लोटलं आणि कुंचीचा बंद सोडला.

गळ्याजवळ, वहिनीच्या त्या मऊ फडक्यावर, लाल दोऱ्याचे टाके होते. माझे नव्हते. जाड दोरा, वेडेवाकडे पाच टाके, आणि प्रत्येकाला आतून वेगळी गाठ. तान्ह्या लेकराच्या कपड्यात मी गाठ कधी घालत नाही, दोन टाके मागे घेऊन दोरा बसवते. इथे पाच टणक गाठी मानेवर घासत होत्या आणि मानेवर तांबडा वळ उठला होता. मी दातांनी एकेक दोरा तोडला, गाठी काढल्या, कुंची परत घातली. हुंदके देत देत लेकरू शांत झालं आणि आईला पिऊ लागलं.

मला विजय मिळाल्यासारखं वाटत होतं. बाहेर मिरच्या जाळणाऱ्या त्या बायकांवर, गुण असलेल्या मावशीवर, सगळ्यांवर.

"तुझ्या सासूला कळलं वाटतं म्या शिवली ते," मी म्हणाले. "तिनंच घालायला लावले ना हे?"

मैत्रीण माझ्या तळहातावरच्या लाल दोऱ्यांकडे बघत होती.

"आत्याबाईला काहीच ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "म्या घालून घेतले. मावशीच्या पाच लेकरांच्या नावानं पाच. म्हणलं तिचा बी हात लागू दे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज स्वच्छ होता.

"बाकी समदं उसवलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तेवढंच काहून काढलं?"

मला राग आला असता तर बरं झालं असतं. रागाने भांडता येतं. मला तिच्याबद्दल तेच वाटलं जे वकिलीणबाईबद्दल वाटत होतं, गुरुजींबद्दल वाटत होतं, बाहेर खोकणाऱ्या त्या सगळ्यांबद्दल वाटत होतं. तेच, तितकंच, आणि ते तिच्याबद्दल वाटताना मला दुखलं. तिने कधी माझ्या ताटात जेवताना माझी नजर लागू नये म्हणून मनातल्या मनात काही पुटपुटलं असेल का, असंही वाटून गेलं. दोन लेकरं पुरलेल्या बाईचं भय मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. कळल्याने काही फरक पडला नाही.

तिने दार किलकिलं करून मावशीला आत बोलावलं. कोनाड्यातून सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ काढून तिच्या हातात दिलं, आणि माझी नजर चुकवून म्हणाली, "परत घाल मावशी. पाच."

मावशी खिडकीकडे तोंड करून बसली. दोरा तोंडात ओला केला, सुई डोळ्यासमोर धरली, लांब धरली, पुन्हा जवळ धरली. पिता पिता लेकराचा डोळा लागला होता. मी त्याची मान न हलवता कुंची अलगद काढली आणि पाठीकडची घोंगडीची कड मावशीच्या मांडीवर सरळ करून दिली, टाके तिथे पडले तर टोचणार नाहीत म्हणून. मावशी अजून सुईशी झगडतच होती. तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं. शेवटी मीच ओवून दिली.